सरळ रेषेत चालणारी सुई

कोणत्याही यंत्रावर दरसाल घसारा लावत गेले की दहा-पंधरा वर्षांत वहीतील त्याची किंमत नाममात्र उरते. पुढे ते यंत्र चालू असो वा बंद, हिशेबाच्या दृष्टीने ते संपलेले असते. असे असता डेन्मार्कमधील एका कंपनीने २०२० साली एक वेगळाच व्यवहार केला. सुमारे अर्ध्या शतकापूर्वी आपणच बनवून विकलेले रेकॉर्ड प्लेअर तिने बाजारातून परत मिळवले, आपल्या कारखान्यात प्रत्येकाचे भाग सुटे केले, ते स्वच्छ केले, झिजलेले बदलले, अॅल्युमिनियमला नवी झिलई दिली, भोवती भरीव लाकडाची नवी चौकट बसवली आणि तोच माल पुन्हा विक्रीला काढला. नगांची संख्या फक्त ९५ होती, कारण त्या वर्षी कंपनीला ९५ वर्षे पूर्ण झाली होती. किंमत दर नगास सुमारे दहा हजार युरो. वहीत शून्य झालेल्या मालाला हा भाव देणारे ग्राहक तिला ठाऊक होते, म्हणूनच तिने हा उद्योग केला.

ती कंपनी म्हणजे बँग अँड ओलुफ्सेन आणि ते यंत्र म्हणजे बेओग्राम ४०००. मूळ यंत्र १९७२ साली बाजारात आले. जुन्या स्कँडिनेव्हियन रेकॉर्ड प्लेअरविषयी जगभर जी ओढ दिसते, तिच्या केंद्रस्थानी हे एक यंत्र आणि त्याची पुढची भावंडे आहेत. ही ओढ केवळ गतकाळाच्या आठवणींची असती तर तिची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. आठवणींचा बाजार चढतो तसा उतरतोही. परंतु हे यंत्र उघडून पाहिले म्हणजे त्याच्या भावामागे आठवणींहून टिकाऊ असे काही आहे, असे लक्षात येते.

पश्चिम जटलंडात लिमफ्योर्डच्या काठी स्ट्रुअर नावाचे छोटे गाव आहे. १९२५ साली पीटर बँग आणि स्वेंड ओलुफ्सेन या दोन तरुण अभियंत्यांनी ओलुफ्सेन घराण्याच्या क्विस्ट्रुप येथील वाड्याच्या माळ्यावर रेडिओचे प्रयोग आरंभले. त्या काळी रेडिओ बॅटरीवर चालत आणि बॅटरी हा ग्राहकाच्या डोक्याला कायमचा ताप असे. या दोघांनी ‘एलिमिनेटर’ नावाचे एक उपकरण तयार केले. त्याच्या योगाने रेडिओ घरातील विजेवर चालू लागला. त्यांचा बाजारात चाललेला पहिला माल हाच. म्हणजे आरंभ नव्या चैनीपासून झाला नाही, ग्राहकाची एक कटकट दूर करण्यापासून झाला. पुढील सर्व इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. कारखान्यातील माणसे प्रतिकार चळवळीला साहाय्य करतात असा संशय होता, आणि जानेवारी १९४५ मध्ये नाझींच्या हस्तकांनी सुरुंग लावून कारखाना उडवला. युद्ध संपायला अवघे चार महिने उरले होते. पेढी तेथेच बुडाली असती तर कोणी नवल केले नसते. त्यांनी कारखाना पुन्हा उभारला, मधल्या काळात विजेवर चालणारी दाढीची यंत्रेही विकली, आणि पुन्हा रेडिओकडे वळले. पुढे जर्मनीचे आणि त्यानंतर जपानचे स्वस्त व चांगले रेडिओ युरोपभर येऊ लागले. स्वस्ताईत त्यांच्याशी झुंजणे या लहान पेढीला शक्य नव्हते. तेव्हा तिने जाहिरातीतून सरळ सांगून टाकले की, किमतीआधी ज्यांना अभिरुची आणि दर्जा यांविषयी बोलावेसे वाटते अशांसाठीच आपला माल आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या कोणालाही हे वाक्य वाचून घाम फुटावा. दुकानात पाऊल टाकणाऱ्या दहांपैकी नऊ गिऱ्हाईक पहिला प्रश्न किमतीचाच करतात.

हे वाक्य खरे करून दाखवण्याचे काम ज्याच्याकडे आले तो याकोब येन्सेन हा खुर्च्या-कोचांना अस्तर आणि गाद्या बसवणाऱ्या कोपनहेगनच्या एका कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म १९२६ चा. तो स्वतःही प्रथम तेच काम शिकला, मग कलाशाळेत जाऊन औद्योगिक वस्तूंचा अभिकल्पक झाला. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे पाव शतक त्याने स्ट्रुअरच्या या कंपनीसाठी रेडिओ, ध्वनिवर्धक आणि रेकॉर्ड प्लेअर यांची रूपे ठरवली. हात कोठे टेकतो, अंग कोठे विसावते, हे अस्तरवाल्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याची यंत्रे पाहताना हे वारंवार जाणवते. रंगीबेरंगी खटके नाहीत, चकाकणारी निकेलची बटणे नाहीत. एक बुटकी, रुंद, शांत चौकट, वर अॅल्युमिनियमचे सपाट पत्रे, कडेला सागवानाची किंवा शिसवीच्या कुळातील लाकडाची पट्टी, आणि वर धुरकट पारदर्शक झाकण. बंद असताना ते यंत्र आहे हेही पटकन कळू नये.

परंतु रूप हा वरचा थर झाला. बेओग्राम ४००० चे खरे वैशिष्ट्य त्याच्या भुजेत आहे, आणि ते समजण्यासाठी तबकडी कशी बनते ते आधी पाहावे लागते.

मूळ तबकडीवर चर कोरणारे यंत्र आपली कोरणी काठाकडून मध्याकडे, त्रिज्येच्या सरळ रेषेत नेते. घरातील नेहमीच्या प्लेअरची भुजा मात्र कोपऱ्यातल्या एका खुंटीभोवती दारासारखी फिरते. दार उघडताना त्याची कड जमिनीवर जशी कमान काढते, तशी सुईही तबकडीवर कमान काढते. परिणामी कोरणीची दिशा आणि सुईची दिशा तबकडीवरील दोनच ठिकाणी तंतोतंत जुळते. उरलेल्या जागी सुई चरात किंचित तिरपी बसते. शिवाय अशा भुजेला आतल्या बाजूस ओढ लागते, म्हणून तिला उलट ताण देण्यासाठी एखादी स्प्रिंग किंवा वजन लावावे लागते. चराच्या दोन भिंतींवर डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज वेगवेगळा कोरलेला असतो. सुई एका भिंतीवर अधिक रेलली की एका बाजूचा आवाज बिघडतो आणि ती भिंत लवकर झिजते.

यावर उपाय उघड होता. जी वाट कोरणीची, तीच सुईची ठेवायची. भुजा खुंटीभोवती न फिरवता अख्खीच्या अख्खी रुळावरील गाडीसारखी सरळ आत न्यायची, म्हणजे ती प्रत्येक क्षणी चराला स्पर्शिकेसारखी लागून राहते. कल्पना जुनी होती आणि इतरांनीही तिच्यावर प्रयत्न केले होते. अडचण अंमलबजावणीत होती. गाडी सुईने ओढायची तर सुई मोडेल, आणि मोटरने ओढायची तर ती नेमक्या कोणत्या गतीने? चरांमधील अंतर प्रत्येक तबकडीत निराळे असते. बेओग्राममध्ये भुजेला अगदी केसभर वळण्याची मोकळीक ठेवली आहे. चर सुईला आत नेतो, भुजा तेवढी केसभर तिरपी होते, तो तिरपेपणा एक लहान दिवा आणि प्रकाश ओळखणारा घटक टिपतो, मग एक छोटी मोटर आट्यांचा दांडा किंचित फिरवते, गाडी तितकीच पुढे सरकते आणि भुजा पुन्हा सरळ होते. एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांत सुईचा प्रवास अवघा आठ-नऊ सेंटिमीटरांचा, आणि या एवढ्याशा वाटेवर ही दुरुस्ती अखंड चालू असते.

या भुजेच्या शेजारी, तिला समांतर, तशीच दिसणारी दुसरी भुजा आहे. प्रथम पाहणारा हमखास विचारतो की दोन सुया कशासाठी? दुसरीला सुई नाहीच. तिच्या टोकाशी दिवा आणि प्रकाश टिपणारा डोळा आहे. फिरणाऱ्या थाळीवर मध्यापासून काठापर्यंत काळ्या पट्ट्या आहेत. थाळी रिकामी असेल तर परावर्तित प्रकाश या पट्ट्यांमुळे तुटत-तुटत येतो, आणि यंत्र समजते की तबकडी ठेवलेलीच नाही. मग सुई खाली उतरत नाही. तबकडी मोठी असेल तर थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, लहान असेल तर ४५. हे सारे यंत्र स्वतः ठरवते. ग्राहकाने फक्त एक पट्टी दाबायची. १९७२ साली घरगुती यंत्रात मायक्रोप्रोसेसर नव्हता, हे ध्यानात घेतले की या व्यवस्थेमागील श्रम कळतात. निष्काळजी हातून, लहान मुलाकडून, घाईत असलेल्या पाहुण्याकडून कोणती चूक होईल याचा विचार आधीच करून ठेवलेला आहे, आणि त्या चुकीची शिक्षा सुईला होऊ दिलेली नाही.

या यंत्राच्या अभियंत्यांत कार्ल गुस्ताव झॉइथेन यांच्या जोडीला सुबीर प्रामाणिक असे एक नाव आढळते. नाव उघडच बंगाली. प्रामाणिक यांनी भुजेवर आणि सुईवर दीर्घकाळ काम केले. पुढील एका कार्ट्रिजमधील सुईच्या हिऱ्याला जो विशिष्ट आकार दिला, तो ‘प्रामाणिक डायमंड’ म्हणूनच ओळखला गेला. मराठी कानाला हे शब्द वेगळेच ऐकू येतात, आणि हिरेबाजारात बसलेल्या वाचकांना त्यावर हसू आले तर तो दोष त्यांचा नव्हे. सुईवरील भार सुमारे एक ग्रॅम असतो, म्हणजे पाच कॅरेट. ज्या घरांत हिऱ्याच्या पैलूंची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या या कणाची आणि त्याला घातलेल्या आकाराची किंमत अधिक सांगायला नको.

१९७८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने येन्सेनच्या या कंपनीसाठी केलेल्या कामाचे प्रदर्शन भरवले. त्याने वस्तूंना प्रतिष्ठा मिळाली, तशी टीकाही आली. ध्वनीचे कट्टर रसिक म्हणत की येथे पैसे कानापेक्षा डोळ्यासाठी मोजावे लागतात. तितक्याच किमतीत अवजड, कुरूप परंतु आवाजाला सरस अशी यंत्रे मिळत. ही टीका अगदीच निराधार नव्हती. दुसरा दोष मात्र अधिक गंभीर होता, आणि ज्याने कधी कर्जाचा प्रस्ताव तपासला असेल त्याच्या नजरेत तो लगेच भरेल. बहुतेक प्लेअरवर कोणत्याही कंपनीचे कार्ट्रिज बसते. या यंत्रावर फक्त याच कंपनीचे बसे. एकाच पुरवठादारावर एवढे अवलंबून राहणे हा धोका असतो, आणि तो पुढे खरा ठरला. कॉम्पॅक्ट डिस्क आली, तबकड्यांचा खप कोसळला, कंपनीने कार्ट्रिज बनवणे थांबवले. सुस्थितीतील हजारो यंत्रे एका सुईवाचून मुकी होण्याची वेळ आली.

ती मुकी झाली नाहीत. अमेरिकेतील साउंडस्मिथ या लहान कंपनीने त्याच मापाची कार्ट्रिजे बनवणे सुरू केले. कोणी योग्य लांबी-जाडीचे पट्टे बनवू लागले, कोणी जुन्या दिव्यांच्या जागी बसणारे एलईडी, तर कोणी मोटरच्या सुकलेल्या बेअरिंगमध्ये पुन्हा तेल मुरवण्याची रीत बसवली. हे शक्य झाले त्याचे कारण यंत्राच्या बांधणीत आहे. आतील जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा दिसतो, वेगळा काढता येतो आणि त्याचे काम काय ते कळते. पट्टा सैल पडला, कपॅसिटर सुकला, स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या सांगाड्याखालची रबरे कुजली, वरचा पत्रा डिंक सुटून उचकटला, असे या यंत्रांचे ठराविक आजार आहेत आणि प्रत्येकाला औषध आहे. आजच्या ध्वनियंत्रात हीच सर्व कामे नखाएवढ्या एका चिपमध्ये असतात. ती गेली की यंत्र गेले. दोन्ही यंत्रे एकाच दिवशी बिघडली तर पन्नास वर्षांचे म्हातारे पुन्हा चालू होण्याची शक्यता अधिक, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. दहा हजार युरोंच्या त्या भावाचे निम्मे उत्तर येथे मिळते.

आता एक प्रश्न या मासिकाच्या वाचकांच्या मनात केव्हाच उभा राहिला असेल. श्रावकाच्या घरात अशा वस्तूला स्थान काय? भोगोपभोग परिमाणाचा विचार करताना एकदा वापरून संपते तो भोग आणि वारंवार वापरता येते तो उपभोग, असा भेद केला जातो. काही परंपरांत याच जोडीला उपभोग आणि परिभोग म्हणतात. शब्द कोणतेही घेतले तरी मर्यादा दोहोंना घालायची असते. दर दोन-तीन वर्षांनी फेकून देण्याचे यंत्र आकाराने उपभोगाचे असले तरी व्यवहारात ते भोगाकडे झुकते. पन्नास वर्षे एकच यंत्र वापरणाऱ्याच्या परिग्रहाची मोजदाद एकावर थांबते. परंतु संग्राहकांची दुसरी जातही आहे. तिच्या घरी एकाऐवजी अकरा बेओग्राम असतात, त्यातली नऊ बंद असतात, आणि बारावे कोठे स्वस्तात मिळते याची चौकशी चालू असते. तेथे यंत्र चांगले असल्याचा युक्तिवाद उपयोगी पडत नाही. वस्तू जितकी उत्तम, तितकी तिच्यावरील मूर्च्छा सोडवणे कठीण, एवढेच तेथे सिद्ध होते.

तबकडीच्या द्रव्याचा विचारही येथेच करावा. ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत दगडाची भुकटी आणि तिला बांधणारी चपडालाख असे. लाख कीटकांपासून मिळते, फांद्यांवरून ती खरवडताना असंख्य जीव मरतात, आणि जगाला लाख पुरवणाऱ्यांत भारत अग्रेसर होता. पंधरा कर्मादानांच्या यादीत लाक्षावाणिज्य स्वतंत्रपणे का आले आहे, हे लाखेची फांदी एकदा पाहिली की समजते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली, ती व्हिनाइलची, म्हणजे एका प्लॅस्टिकची होती. बेओग्रामसारखी यंत्रे याच तबकड्यांसाठी आहेत आणि ७८ फेऱ्यांची सोय बेओग्राम ४००० मध्ये नाहीच. प्लॅस्टिक निर्दोष आहे असे मुळीच नव्हे. तरी ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातील स्तवनांच्या किंवा नाट्यपदांच्या ७८ च्या तबकड्या आहेत, त्यांनी त्या या यंत्रावर वाजतील अशा भरवशावर खरेदी करू नये. लाकडाचेही पाहावे. शिसवीच्या कुळातील लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून व्यापक निर्बंध आहेत. सागवानी चौकटीचा नग दिसायला उणा नसतो.

दीर्घ तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे होतात, जवळजवळ एका सामायिकाच्या कालावधीइतकी. तुलना केवळ कालावधीची आहे, अधिक काही नव्हे. परंतु तेवढा वेळ एका जागी बसून एकच गोष्ट ऐकण्याची सवय मोडल्याची खंत अनेकांना वाटते, आणि तबकडीकडे परत वळणाऱ्यांत तरुण पुष्कळ आहेत. अमेरिकेत २०२० साली व्हिनाइल तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न कॉम्पॅक्ट डिस्कच्या उत्पन्नाला मागे टाकून गेले. १९८० च्या दशकानंतर असे प्रथमच घडले.

परदेशी असलेला मुलगा किंवा पुतण्या असे यंत्र आणायचे म्हणतो तेव्हा काही गोष्टी आधी पाहाव्यात. अमेरिकी बाजारासाठी बनलेला नग ११० व्होल्टवर चालतो, युरोपातील नग भारतातील विजेला जुळतो. जोडणीच्या तारेचे टोक बहुधा जुन्या डिन पद्धतीचे असते, त्याला साधा जोड मिळतो. आतील सांगाडा स्प्रिंगांवर तरंगता असल्याने प्रवासाआधी वाहतुकीचे स्क्रू आवळून तो जखडावा लागतो. विमानाच्या आणि कुरिअरच्या हाताळणीत या यंत्रांचे जितके नुकसान होते, तितके पन्नास वर्षांच्या वापरात झालेले नसते. कार्ट्रिज वेगळे काढून, डबीत घालून, सोबतच्या पिशवीतून आणावे. यंत्राची किंमत ठरवताना त्याच्यासोबत चालू स्थितीतील कार्ट्रिज आहे की नाही हे प्रथम विचारावे. नव्या कार्ट्रिजचा खर्च कधी कधी अख्ख्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो.

आणि विक्रेत्यासमोरच एक परीक्षा घ्यावी. कार्ट्रिज काढून ठेवावे, थाळीवर तबकडी न ठेवता चालू करण्याची पट्टी दाबावी. दोन्ही भुजा थाळीवरून आत सरकतील. यंत्र निरोगी असेल तर भुजा खाली न उतरता तशीच मागे फिरेल आणि थाळी थांबेल. ती खाली उतरली तर तो प्रकाशाचा डोळा आंधळा झालेला आहे, आणि भाव त्याप्रमाणे कमी करून घ्यावा.